आठशे तासांचा हिशेब

१९५३ च्या जूनमध्ये मद्रास राज्यातल्या खेड्यांमधल्या प्राथमिक शाळांचा दिवस निम्म्यावर आला. मुख्यमंत्री चक्रवर्ती राजगोपालाचारी ऊर्फ राजाजी यांच्या नव्या योजनेत मुलानं रोज तीनच तास शाळेत बसायचं होतं. उरलेला वेळ बापाच्या हाताखाली घरचा धंदा शिकण्यात घालवायचा होता. सरकारचा हिशेब साधा होता. तिजोरीत पैसा नाही, शिक्षक वाढवता येत नाहीत, मग त्याच इमारतीत त्याच शिक्षकांकडून दोन पाळ्या चालवल्या की दुप्पट मुलं शाळेत सामावतात. पेरियार, द्रमुक आणि खुद्द काँग्रेसमधला मोठा गट या योजनेवर तुटून पडला. जातीचा धंदा शिकवणारी योजना, हे विरोधकांनी दिलेलं नाव तिला चिकटलं ते कायमचं. वर्षभरात राजाजी पायउतार झाले, कामराज आले आणि मे १९५४ मध्ये त्यांनी ती गुंडाळली.

नगरपालिकांच्या हद्दीतल्या शाळा या योजनेतून वगळलेल्या होत्या. म्हणजे तास कापले गेले ते शेतमजुराच्या, कुंभाराच्या, चांभाराच्या मुलाचे. शाळा किती तास भरावी हे ठरवताना कुणाच्या मुलाचे तास, हे आधी विचारावं लागतं ते यासाठी. महाराष्ट्रात ही जाण त्याच्या शंभर वर्षं आधीची आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात रात्रीची शाळा काढली, कारण दिवसभर राबणाऱ्याला दिवसा शाळा परवडत नव्हती.

प्राथमिक शाळेचं वर्ष वाढवावं, दिवस लांबवावा, सुट्ट्या कमी कराव्यात, ही मागणी आपल्याकडे दर पाच-दहा वर्षांनी डोकं वर काढते. मागणी चुकीची नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेले जे. पी. नाईक हे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते आणि त्या आयोगानं १९६६ च्या अहवालात शाळांनी वर्षाला ३९ आठवडे, म्हणजे २३४ दिवस शिकवावं अशी शिफारस केली होती. पण तेच नाईक पुढं आयुष्यभर सांगत राहिले की गुरं राखणाऱ्या, धाकटी भावंडं सांभाळणाऱ्या मुलांसाठी अर्धवेळ वर्ग हवेत, मधूनच शाळेत शिरता येईल असे दरवाजे हवेत. पूर्ण वेळ येऊ शकणाऱ्याला भरपूर दिवस मिळावेत आणि न येऊ शकणाऱ्यापर्यंत शाळेनं जावं, हे दोन्ही त्यांना एकाच वेळी हवं होतं. आपण त्यातला पहिला अर्धा भाग उचलला आणि तोही कागदावर.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास ठरवले, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. आठशे तास म्हणजे दिवसाला चार तास. महाराष्ट्रातली जिल्हा परिषदेची शाळा साधारणपणे साडेदहा ते पाच भरते. परिपाठ, लघुसुट्टी, मधली सुट्टी, पोषण आहार वजा केला तरी पाच तास हातात राहतात. वर्षभराच्या सुट्ट्या ७६ च्या वर जाऊ नयेत असा दंडक आहे. तेव्हा कायद्यानं मागितलेले तास आपली शाळा कागदावर सहज ओलांडते. दोनशे दिवस धरले तरी हजार तास होतात.

आता हे हजार तास एखाद्या द्विशिक्षकी शाळेत जाऊन पाहावेत. पहिली ते चौथी, पट चाळीस, दोन खोल्या. साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक, हे प्रमाण कायद्यानंच घालून दिलेलं आहे. बाई एका खोलीत पहिली आणि दुसरी घेऊन बसतात, गुरुजी दुसऱ्या खोलीत तिसरी आणि चौथी. पहिलीच्या मुलांना अक्षर गिरवून दाखवायचं तर दुसरीला पाढे लिहायला लावायचे. दुसरीच्या बेरजा तपासायच्या तर पहिली मणी मोजत बसते, मग मणी फेकायला लागते. अकरा वाजता तांदूळ मोजून द्यायचे, बारा वाजता आहाराची संख्या मोबाइलवर भरायची, तेवढ्यात कुणीतरी दाखला मागायला येतं. शाळेला शिपाई नाही, कारकून नाही. हजार तासांतले पाचशेच तास एका वर्गाच्या वाट्याला येतात, तेही सगळं सुरळीत असेल तर. ज्या दिवशी गुरुजींना तालुक्याला बैठकीला जावं लागतं किंवा मतदारयाद्यांच्या कामाला जुंपलं जातं, त्या दिवशी चारही वर्ग एका बाईंसमोर येतात आणि एका वर्गाचा वाटा पाव होतो. हजेरीपत्रकावर मात्र तो दिवस पूर्ण भरलेला असतो.

जोडवर्ग चालवण्याची उत्तम रीत आहे. ती येणारे शिक्षकही आपल्याकडे आहेत, आणि त्यांच्या वर्गात थोरलं मूल धाकट्याला वाचून दाखवताना दिसतं. तरीही अंकगणित बदलत नाही. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा चौदा हजारांहून अधिक आहेत. अशा शाळा एकत्र करून समूह शाळा काढाव्यात हा विचार २०२३ मध्ये पुढं आला आणि त्यासाठी पानशेत व तोरणमाळ इथल्या शाळांचा दाखला दिला गेला. समूह शाळेत प्रत्येक वर्गाला स्वतंत्र शिक्षक मिळतो हे खरं, पण सहा वर्षांच्या मुलीचा तास-दीड तास रस्त्यावर जातो, आणि गाडी आली नाही की शाळाच बुडते. वस्तीवरची शाळा ठेवून तिसरा शिक्षक देणं महाग आहे. तरी प्राथमिक शाळेचा वेळ वाढवण्याचा तोच सर्वांत सरळ मार्ग आहे, कारण एकही मिनिट न वाढवता त्यानं शिकवण्याचे तास वाढतात.

शिक्षकच शाळेत नसतात, अशी ओरड नेहमी होते. २००३ च्या सुमाराला मायकेल क्रेमर, कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांना न कळवता भेटी देऊन पाहणी केली होती. चारांतला एक शिक्षक गैरहजर आढळला आणि त्या क्षणी प्रत्यक्ष शिकवत असलेले जेमतेम निम्मे होते. झारखंडात गैरहजेरी ४० टक्क्यांच्या वर होती. सर्वांत कमी होती ती महाराष्ट्रात, १४.६ टक्के. आपल्या शिक्षकाला दोष देण्याआधी हा आकडा आठवावा. आपला प्रश्न शिक्षक दांडी मारतात हा फारसा नाही. त्यांना वर्गातून बाहेर बोलावलं जातं, हा आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमानुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच कामं शिक्षकांना देता येतात. त्या तीन दारांतून किती कामं आत शिरली, हे कोणत्याही शिक्षक संघटनेच्या निवेदनात वाचायला मिळतं. २०२४ मध्ये राज्य सरकारला शैक्षणिक कामं कोणती आणि अशैक्षणिक कोणती, याची यादीच काढावी लागली.

वेळ वाढवल्यानं मुलं खरंच जास्त शिकतात का, याचं उत्तर शोधायला जगानं नकळत काही प्रयोग करून ठेवले आहेत. इंडोनेशियात १९७८ मध्ये शैक्षणिक वर्ष जानेवारीऐवजी जुलैत सुरू करायचं ठरलं आणि त्यासाठी चालू वर्ष सहा महिन्यांनी लांबवलं गेलं. त्या पिढीची मुलं पुढं कमी नापास झाली, जास्त शिकली, मोठेपणी त्यांची कमाईही थोडी जास्त निघाली. पश्चिम जर्मनीत १९६६-६७ मध्ये उलटं घडलं. वर्षाची सुरुवात बदलण्यासाठी बहुतेक राज्यांनी ३७ आठवड्यांऐवजी २४ आठवड्यांची दोन आखूड वर्षं काढली. मुलं नापास होण्याचं प्रमाण वाढलं, वरच्या दर्जाच्या शाळांत जाणारी मुलं घटली, पण मोठेपणीच्या कमाईवर काही परिणाम दिसला नाही. दोन देश, दोन निकाल. यावरून एक अंदाज बांधता येतो. जिथं घरी आणि समाजात शिकण्याची दुसरी सोय आहे, तिथं शाळेचे काही आठवडे भरून निघतात. जिथं शाळेशिवाय काहीच नाही, तिथं ते आठवडे जन्मभर पुरतात किंवा जन्मभर नडतात.

चिलीनं १९९७ मध्ये जाणीवपूर्वक पूर्ण दिवसाच्या शाळेचा कायदा केला. तिसरी ते आठवीच्या तासिका आठवड्याला ३० वरून ३८ झाल्या, दोन पाळ्यांच्या शाळा एका पाळीवर आणल्या. त्यासाठी हजारो खोल्या बांधाव्या लागल्या आणि काम वर्षानुवर्षं लांबलं. शिकण्यात वाढ झाली ती माफक, पण ग्रामीण आणि सरकारी शाळांतल्या मुलांची जास्त. जपाननं याच काळात मुलांवरचा ताण कमी करायचा म्हणून उलटी वाट धरली. २००२ पासून शनिवारची शाळा पूर्ण बंद झाली, प्राथमिकच्या सहा वर्षांच्या तासिका ५,७८५ वरून ५,३६७ वर आल्या. पालक अस्वस्थ झाले, ज्यांना परवडलं त्यांनी खासगी क्लास लावले, आणि २०११ पासून तासिका पुन्हा ५,६४५ पर्यंत वाढवल्या गेल्या. सरकारी शाळेचा वेळ घटला की क्लासचा धंदा वाढतो, हे मुंबई-पुण्याच्या पालकांना जपानकडून शिकायची गरज नाही.

सर्वांत बोलका प्रयोग मात्र आपल्याच मुंबईत झाला. २००१ ते २००३ या काळात ‘प्रथम’ संस्थेनं महापालिकेच्या शाळांत बालसखी नेमल्या. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतली दहावी-बारावी झालेली तरुणी. तिसरी-चौथीत गेलेली पण वाचता न येणारी पंधरा-वीस मुलं ती वर्गातून बाहेर काढायची आणि शाळेच्या चार तासांपैकी दोन तास त्यांच्यासोबत बसायची. जागा नसेल तिथं व्हरांड्यात, जिन्याखाली. अक्षर, शब्द, बेरीज, हातचा. शाळेचा एक मिनिटही वाढवला नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात याचं मोजमाप केलं तेव्हा या मुलांच्या गुणांत ठळक वाढ दिसली. चौथीत बसून चौथीचं पुस्तक ऐकत राहणारं मूल त्याआधीही तेवढेच तास शाळेत होतं. ते तास त्याच्या डोक्यावरून जात होते.

या प्रयोगाचा दुसरा अर्थही काढता येतो आणि तो काढलाही जातो, की तास वाढवायची गरजच नाही, आहे त्या वेळात सगळं होतं. हा निष्कर्ष पटणारा नाही. बालसखीनं दिलं ते दर पंधरा-वीस मुलांमागे एक जादा माणूस. सरकारी शाळेत तो माणूस येणार कुठून, या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय ‘आहे त्या वेळात करा’ म्हणणं म्हणजे बाईंच्या डोक्यावर आणखी एक काम ठेवणं आहे. तमिळनाडूनं हे उत्तर दिलं. कोरोनानंतर, २०२१ च्या ऑक्टोबरपासून ‘इल्लम तेडी कल्वी’ योजनेत सुमारे दोन लाख स्वयंसेवकांनी, त्यात बहुतेक स्त्रिया, संध्याकाळी आपापल्या वस्तीत तास-दीड तास मुलं बसवली. महिना हजार रुपये मानधन. शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत मुलांची दोन-तृतीयांश पिछाडी भरून निघाली आणि त्यातल्या जवळपास चौथ्या हिश्शाचं श्रेय या संध्याकाळच्या वर्गांना गेलं. आपल्याकडे ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग मार्च २०२० ला बंद झाले ते १ डिसेंबर २०२१ ला उघडले. त्यानंतर २०२२ च्या मार्चमध्ये आदेश निघाला की एप्रिलअखेर शाळा पूर्णवेळ भरवाव्यात. भर उन्हात, पत्र्याच्या खोल्यांत, शिक्षकांनी आणि पालकांनी गावी जायची तिकिटं काढून ठेवलेली असताना. हेतू चांगला होता. वेळ मात्र सर्वांना सरसकट वाढवून दिला होता, ज्याला गरज नव्हती त्यालाही.

सरसकट वाढ हेच अशा सगळ्या आदेशांचं दुखणं आहे. केरळ सरकारनं २०२४ मध्ये शनिवार धरून २२० दिवसांचं वेळापत्रक काढलं तेव्हा शिक्षक संघटना उच्च न्यायालयात गेल्या आणि संबंधितांशी न बोलता घेतलेला तो निर्णय रद्द झाला. महाराष्ट्रात तर एकच वेळापत्रक चालवणंही अवघड आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळं जूनमध्ये इतरांपेक्षा उशिरा उघडतात. मार्चपासून शाळा सकाळच्या सत्रात जातात. २०२४ मध्ये मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश आला, आणि दोन सत्रांत चालणाऱ्या शहरी शाळांना दिवस बसवता बसवता नाकी नऊ आले.

वाढीव वेळ आधी कुणाला द्यायचा, याचं उत्तर बीड जिल्ह्यात दर दिवाळीला दिसतं. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना कारखान्याच्या हिशेबात एक कोयता म्हणतात, गाड्या भरून पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. सोबत तान्ही मुलं, आणि तान्ह्यांना सांभाळायला आठ-नऊ वर्षांची थोरली मुलगी. गाळप हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. जूनमध्ये तिसरीत बसलेली ती मुलगी दिवाळीपर्यंत शंभरएक दिवस शाळेत जाते. उरलेलं वर्ष फडाजवळच्या कोपीत पाणी भरण्यात, वाढे गोळा करण्यात, भावाला झोळीत हलवण्यात जातं. पूर्वी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालायच्या. आता गावातच हंगामी वसतिगृहं काढली जातात, जिथं मुलं आजी-आजोबांकडे राहतात आणि जेवायला, अभ्यासाला वसतिगृहात येतात. ज्या घरात आजी आहे तिथं ही सोय चालते. ज्या घरात आजीही कोयता धरते तिथं मुलगी निघून जाते.

ही मुलगी एप्रिलअखेर गावी परतते तेव्हा शाळेला सुट्टी लागलेली असते. मे महिनाभर ती रिकामी असते, शाळेची इमारतही रिकामी असते. शाळेचं वर्ष वाढवायचंच असेल तर ते इथं वाढवावं. सकाळी सात ते साडेदहा, सहा आठवडे, फक्त स्थलांतरातून परतलेल्या मुलांसाठी, बालसखीच्या पद्धतीनं लहान गट करून. उन्हाळ्यात जेवण कसं शिजवणार हा प्रश्न नवा नाही. दुष्काळी भागात सुट्टीतही पोषण आहार द्यावा असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००४ पासून आहे, आणि मराठवाड्यातल्या शाळांच्या चुली दुष्काळाच्या मे महिन्यात पेटलेल्या आहेत. सुट्टीत काम करणाऱ्या शिक्षकाला अर्जित रजा द्यायची तरतूद रजा नियमांत आहे. गावातल्या डी.एड. झालेल्या, नोकरी नसलेल्या मुलामुलींना मानधनावर घेता येईल. राज्यभरातल्या सगळ्या शाळांना वीस दिवस जादा भरवण्याच्या खर्चाच्या मानानं हा खर्च फारच थोडा असेल.

हे चालणार नाही असं म्हणणाऱ्यांनी कोसबाड आठवावं. डहाणूजवळच्या त्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना दिसलं की वारल्यांची मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरांमागे असतात. त्यांनी मुलांना शाळेच्या वेळेत बसवण्याचा हट्ट सोडला आणि शाळा कुरणात नेली. गुरं चरत असताना खडे मांडून मोजणी, पानं गोळा करून वर्गवारी, काठीनं मातीत अक्षर. एखादी गाय शेतात शिरली की विद्यार्थी उठून जायचा आणि हाकून परत यायचा. शिक्षण तिथंच पुढं सुरू. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली, पण कुरणशाळेची रीत शिक्षण खात्याच्या वेळापत्रकात कधी उतरली नाही. आज कुरणाच्या जागी ऊसतोडीचा फड आहे, वीटभट्टी आहे, बांधकामाची साइट आहे.

प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि कायद्यानं तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात. या समित्यांच्या सभा बहुतेक वेळा अनुदानाच्या ठरावावर सही करून संपतात. पालकांनी पुढच्या सभेत एक विषय मांडावा: गेल्या महिन्यात प्रत्येक वर्गासमोर शिक्षक किती तास होते, आणि नव्हते ते तास कुणी, कोणत्या कामासाठी नेले. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवावी. आणि जिथून कोयते निघतात त्या गावांतल्या समित्यांनी मे महिन्याचा वर्ग कुठल्या खोलीत भरणार, पाण्याची सोय काय, शिकवणार कोण, हे गाड्या परतण्याआधी, फेब्रुवारीतच ठरवून ठेवावं.